भरतीला पक्षी कुठं जातात?

होळीच्या सुमारास संपादकांचा फोन आला. अंकाचा विषय होता ‘शहरातलं पाणी’. हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारात राहणाऱ्या माणसाला हा विषय कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, शहरात राहणाऱ्यांना पाणी नळातून येताना दिसतं, नाहीतर पावसाळ्यात रेल्वेच्या रुळांवर. बाहेरून येऊन कुणीतरी नीट बघायला हवं.

मी ठाण्याची खाडी निवडली. त्याला एक कारण पक्ष्यांचं होतं आणि दुसरं माणसांचं. औंढा, वसमत, जिंतूर भागातली कितीतरी घरं आता दिघा, घणसोली, तुर्भे इथं नांदतात. बहात्तरच्या दुष्काळात बाहेर पडलेल्यांची नातवंडं तिथं वाढली. माझा एक मावसभाऊ घणसोलीत राहतो. खाडी त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तरी लोकल वाशीचा पूल ओलांडते तेवढ्या दोन-चार मिनिटांत दिसते, तेवढीच त्याला माहीत होती. ‘काळं पाणी आहे दादा, वास मारतंय, तिथं काय बघायचं?’ असं म्हणत म्हणतच तो माझ्याबरोबर निघाला.

तिथीची पाऊणपट

ऐरोलीला खाडीच्या काठावर वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून पक्षी बघायला होड्या सुटतात. होडी किती वाजता सुटणार हे मात्र रोज बदलतं, कारण खाडी चालते चंद्रावर. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज ती वेळ पाऊण तासानं पुढं सरकते. किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा यासाठी साधा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची, पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, आणि पुनवेला-अमावास्येला दुपारी-मध्यरात्री बाराच्या आसपास. पुनव-अमावास्येच्या भरतीला उधाण म्हणतात, कारण त्या दिवसांत पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा पाण्याला जोर नसतो.

आम्ही गेलो हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे उधाण. सकाळी सहाला खाडी रिकामी, बाराला काठोकाठ. होडी नऊला होती. ही वेळ अशी बेतलेली असते की होडी तळाला टेकणार नाही एवढं पाणी आलेलं असतं, आणि पक्ष्यांना उभं राहायला चिखलही अजून शिल्लक असतो. फार लवकर गेलं तर होडी रुतते, फार उशिरा गेलं तर पक्षी निघून गेलेले असतात. हे निघून जाणं मी आधी नुसतं ऐकलं होतं. या लेखाचा सगळा गाभा त्यातच आहे हे तिथं गेल्यावर उमगलं.

धक्क्याकडं जाणारी वाट तिवरांमधून जाते. ठाण्याच्या खाडीत खारफुटीच्या जाती बऱ्याच असल्या तरी राज्य तिवराचं आहे. झाडाच्या भोवती चिखलातून बोटभर उंचीची मुळं उभी राहिलेली दिसतात, शेकड्यांनी. चिखलात हवा नसते, म्हणून ही मुळं श्वास घ्यायला वर येतात. मी तिवराचं एक पान उलटं करून जिभेला लावलं. खारट. समुद्राच्या पाण्यातलं मीठ हे झाड मुळाशी जमेल तेवढं अडवतं आणि उरलेलं पानांवाटे बाहेर टाकतं. उन्हात पानाच्या पाठीवर मिठाचे कण चमकतात. मावसभावानंही चाखून बघितलं आणि तिथून पुढं त्याचे प्रश्न सुरू झाले.

चिखलातली वाटणी

होडी तिवरांच्या भिंतीतून बाहेर आली आणि खाडीचं पात्र उघडं झालं. डाव्या-उजव्या दोन्ही अंगांना मनोरे, पाठीमागं ऐरोलीचा पूल, डोक्यावरून खाडी ओलांडणाऱ्या उच्चदाबाच्या तारा. मध्ये पाण्याचा पट्टा, आणि पश्चिमेच्या अंगाला चिखल. ओला, करडा, लांबच लांब. लांबून त्यावर गुलाबी रेघ ओढल्यासारखी दिसत होती. होडी जवळ गेली तशी त्या रेघेला पाय फुटले.

रोहित पक्ष्यांबद्दल, म्हणजे फ्लेमिंगोंबद्दल, पुढं लिहितोच, पण आधी चिखलाबद्दल. खाडीतल्या गाळाला पोत असतो. रोज दोनदा पाणी त्यावर नवा थर पसरवतं आणि दोनदा त्याला उन्हात उघडं टाकतं. उघड्या ओल्या गाळावर ऊन पडलं की शेवाळाची आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय वनस्पतींची साय धरते. ती खायला गोगलगाई, किडे, अळ्या, बारीक खेकडे. गाळाच्या आत वळवळणारे कृमी. निवट्या मासे तर पाण्याबाहेर येऊन चिखलावर उड्या मारत फिरतात. होडीतून आम्हाला ते सहज दिसत होते, एकमेकांवर पर उभारून धावून जाणारे.

या चिखलात ज्याची चोच जेवढी, तेवढ्या खोलीचं अन्न त्याचं. चिखल्या नावाचा आखूड चोचीचा पक्षी दोन पावलं धावतो, थांबतो, वरच्यावर काहीतरी टिपतो, पुन्हा धावतो. त्याच्याच शेजारी काळ्या शेपटीचा पाणटिवळा आपली लांब सरळ चोच डोळ्यांपर्यंत गाळात खुपसतो आणि आतला किडा ओढतो. उचाट्याची चोच वर वळलेली. तो उथळ पाण्यात डावी-उजवीकडं झाडू मारल्यासारखी ती फिरवतो. शेकाट्या लाल पायांवर उभा राहून नाजूकपणे वरचेवर वेचतो. यातले कितीतरी पक्षी हजारो किलोमीटर उत्तरेहून येतात आणि एप्रिलमध्ये परतीच्या तयारीत असतात. त्या प्रवासाचं इंधन इथं भरलं जातं. म्हणजे या दिवसांत त्यांना चरायला मिळणारा प्रत्येक तास मोलाचा. भरती आली की त्यांचं खाणं थांबतं आणि ओहोटी लागली की सुरू होतं, मग दिवस असो की रात्र.

उलट्या डोक्यानं जेवणारा पक्षी

नावाड्यानं इंजिन बंद केलं आणि होडी वाहत्या पाण्यावर सोडली. समोर रोहितांचा थवा, आणि त्यातला एक बाकीच्यांपासून थोडा अलीकडं आलेला. दुर्बिणीतून तो इतका जवळ वाटला की त्याचा पिवळा-नारिंगी डोळा दिसत होता. तो लहान रोहित होता. याची चोच काळपट लाल असते. मोठ्या रोहिताची चोच गुलाबी आणि फक्त टोकाला काळी, आणि उंचीही बरीच जास्त.

रोहित मान खाली सोडतो आणि डोकं उलटं करतो. वरची चोच खाली, खालची वर. तशा अवस्थेत चोच पाण्यात बुडवून तो चालत राहतो आणि डोकं दोन्ही बाजूंना फिरवतो. चोचीत असते जाड मांसल जीभ. ती एका सेकंदात कितीतरी वेळा मागं-पुढं होते, पाणी आत ओढते आणि बाहेर ढकलते. चोचीच्या आतल्या कडांना बारीक पट्ट्यांच्या रांगा आहेत, त्यांत अन्न अडकतं. लहान रोहिताची ही चाळण फार बारीक असते, त्यामुळं तो जगतो मुख्यतः सूक्ष्म शेवाळांवर. मोठ्याची भरड, म्हणून त्याचं खाणं बारीक झिंगे, अळ्या, शंखशिंपल्यांतले जीव. दोघं शेजारी उभे राहतात आणि एकाच्या तोंडचा घास दुसरा काढून घेत नाही. मोठा रोहित कधी कधी एका जागी पाय आपटत गोल फिरतो, तळाचा गाळ ढवळून वर आणतो. ओहोटीनंतर त्या जागी चिखलात गोल खड्डे उरतात. नावाड्यानं असे खड्डे बोटानं दाखवले, नाहीतर मला ते कळले नसते.

गुलाबी रंग या खाण्यातूनच येतो. शेवाळात आणि झिंग्यांत जी रंगद्रव्यं असतात ती पिसांत उतरतात. पिल्लं जन्मतात ती करड्या रंगाची. थव्यात आम्हाला कितीतरी करडे-पांढुरके पक्षी दिसले. गुलाबी व्हायला त्यांना अजून दोन-तीन वर्षं लागतील.

ती पिल्लं जन्मली मात्र इथं नाहीत. रोहित मुंबईत घरटं करत नाही. कच्छच्या रणात पावसाचं पाणी साचून दलदल झाली की हजारोंनी एकत्र येऊन तो चिखलाचे उंचवटे रचतो आणि प्रत्येकावर एकच अंडं घालतो. कच्छच्या मोठ्या रणातली ती जागा फ्लेमिंगो सिटी म्हणून ओळखली जाते. १९४५ मध्ये सालिम अली तिथं पोचले होते आणि त्यांनी तिच्याबद्दल लिहिलंही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं २०२२ मध्ये इथल्या सहा रोहितांच्या अंगावर उपग्रहाला ठिकाण कळवणारी यंत्रं बसवली. त्यांना नावंही दिली: कुणी हुमायूं, कुणी सलीम, कुणी मॅककॅन, एकाचं नाव थेट ‘नवी मुंबई’. मुंबईची खाडी आणि गुजरात यांमधला त्यांचा प्रवास त्यातून नकाशावर उतरला. आणखी एक गोष्ट उतरली, ती रोजच्या प्रवासाची. तिच्याकडं येतो.

सांडपाण्यावर वाढलेलं ताट

‘एवढ्या घाण पाण्यात हे राहतात कसे?’ मावसभावानं विचारलं. प्रश्न रास्त होता. वाऱ्याची दिशा बदलली की वास येत होता.

मुंबईत रोहित पूर्वापार नव्हते. १९९४ च्या सुमारास ते शिवडीच्या चिखलावर दिसू लागले आणि नंतर दरवर्षी वाढत गेले. २०१९ च्या जानेवारीतल्या गणनेत आकडा सव्वा लाखाच्या घरात गेला. त्यामागचं एक कारण अभ्यासक सांगतात ते अस्वस्थ करणारं आहे. खाडीच्या दोन्ही काठांवरचं सांडपाणी, काही प्रक्रिया केलेलं, काही तसंच, या पाण्यात येतं. त्यातलं नत्र आणि स्फुरद शेवाळाला खत ठरतं. शेवाळ माजतं आणि शेवाळ खाणारा लहान रोहित येतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांनी अनेक वर्षं या खाडीत काय काय सोडलं, हे काठावरच्या कोळीवाड्यांना विचारावं. त्यांच्या जाळ्यांत पूर्वी मिळणारी कोळंबी, बोईट, चिंबोरी आता कशी मिळते हे ते कळवळून सांगतात. ज्या पाण्यानं रोहिताचं ताट भरलं, त्याच पाण्यानं कोळ्याचं रिकामं केलं.

म्हणून गुलाबी थवे बघून खाडी निरोगी आहे असं मानणं बरोबर नाही. शेवाळ एका मर्यादेपर्यंत अन्न असतं. ती ओलांडली की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि काही जातींचं शेवाळ विषही सोडतं. जड धातू गाळात साचतात आणि गाळ खाणाऱ्यांच्या अंगात जातात. सांडपाणी शुद्ध केलं तर रोहित कमी होतील का, अशीही एक शंका काही जण काढतात. झाले तर थोडे कमी होऊ देत. खाडी शुद्ध व्हायलाच हवी, यात माझ्या मनात किंतु नाही. तिच्यावर रोहितच जगत नाहीत, कोळ्यांची घरंही जगतात.

या खाडीला संरक्षण मिळालं ते उशिरा, पण मिळालं. ६ ऑगस्ट २०१५ रोजी ऐरोली आणि वाशी या दोन पुलांमधला पश्चिमेकडचा पट्टा ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झाला. ८९६ हेक्टर खारफुटी आणि ७९४ हेक्टर पाणी. मालवणनंतरचं हे राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जाही मिळाला. महाराष्ट्रात त्याआधी तो नांदूर मधमेश्वर आणि लोणारलाच होता. अभयारण्याच्या मागं त्याच्या दहा वर्षं आधीचा एक न्यायालयीन आदेश उभा आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मुंबई बुडाली आणि पाणी कुठं जिरायचं ही चर्चा घराघरांत झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयानं राज्यभरात खारफुटी तोडायला आणि तिच्यावर भराव घालायला बंदी केली. २०१२ मध्ये राज्यानं खारफुटीसाठी वनविभागात स्वतंत्र कक्ष काढला. देशात असा कक्ष पहिला. आज होडीतून दिसणारी तिवरांची हिरवी भिंत शाबूत आहे ती या सगळ्यामुळं. सरकारी कामाबद्दल तक्रार करायची सवय आपल्याला असते, पण इथं काम झालेलं डोळ्यांना दिसतं आणि ते लिहिलंच पाहिजे.

बाराच्या आत

साडेदहाच्या पुढं चिखल आकसायला लागला. आधी लांबचे पट्टे पाण्याखाली गेले, मग मधल्या उंचवट्यांचे तुकडे झाले. पक्षी काठाकडं सरकत गेले आणि दाटीवाटीनं उभे राहिले. आखूड पायांचे आधी उडाले. चिखल्यांची एक झुंड वळसा घेऊन तिवरांवरून पलीकडं गेली. मग पाणटिवळे. रोहितांचे पाय लांब, त्यामुळं ते शेवटपर्यंत टिकून होते. पाणी त्यांच्या पोटाला लागलं तेव्हा थव्याच्या एका टोकाला हालचाल झाली. काही पावलं पाण्यावर धावून ते वर उठले, पंखांखालचा लाल आणि काळा रंग एकदम उघडा पडला, मान पुढं आणि पाय मागं ताणून रांग धरून ते दक्षिणेकडं गेले. पाठोपाठ दुसरी रांग, तिसरी. थोड्या वेळात तिथं नुसतं पाणी उरलं.

‘कुठं गेले?’ मावसभाऊ म्हणाला.

अभयारण्याच्या नकाशावर या प्रश्नाचं उत्तर सापडत नाही. अभयारण्य म्हणजे चिखल आणि तिवरं. चिखल बुडाला की या पक्ष्यांना दोन-चार तास टेकायला दुसरी जागा लागते. ती उथळ हवी, उघडी हवी, म्हणजे येणारा शत्रू लांबून दिसतो. तिवरांच्या गर्दीत लांब पायांचा पक्षी उतरू शकत नाही. खोल पाण्यात त्याला झोपता येत नाही. म्हणून तो जातो मिठागरांवर, भांडुपच्या पाणथळीवर, नेरूळ-सीवूड्सच्या मागच्या तळ्यांवर, उरणच्या खाजणांवर. उपग्रहाच्या खुणांनी हेच दाखवलं: ओहोटीला जे पक्षी अभयारण्यात, तेच भरतीला या तळ्यांवर. ही दोन्ही ठिकाणं मिळून त्याचं घर होतं. आपण त्यातल्या एकाच खोलीला दार बसवलं.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं अभयारण्याला जोडलेल्या अशा सहा पाणथळ जागा नोंदल्या आहेत: भांडुप, टी. एस. चाणक्य, एनआरआय, बेलपाडा, पाणजे आणि भेंडखळ. सातत्यानं मागणी होते ती त्यांना कायद्याचं संरक्षण देण्याची.

नेरूळची तळी

दुपारचं जेवण घणसोलीत उरकून आम्ही लोकलनं सीवूड्सला गेलो. इमारतींच्या रांगा संपतात तिथं एक रस्ता आणि रस्त्याला लागून डीपीएस तलाव. फिरायला आलेले लोक, लहान मुलं, कॅमेरे लावून बसलेले दोघं-तिघं. आणि त्यांच्यासमोर, दगड मारला तर पोचेल एवढ्या अंतरावर, एका पायावर उभे राहून पाठीच्या पिसांत चोच खुपसून झोपलेले रोहित. सकाळी होडीतून मी ज्यांच्यासाठी दुर्बीण लावून बसलो होतो, ते इथं भाजीची पिशवी हातात असलेल्या बाईच्या बाजूला डुलक्या काढत होते. मावसभाऊ कठड्याला हात टेकून कितीतरी वेळ गप्प उभा होता.

हे तळं सुमारे तीस एकरांचं. ते जगतं खाडीतून येणाऱ्या पाण्यावर. नळवाटेनं आणि नाल्यांनी भरतीचं पाणी आत येतं आणि ओहोटीला जातं. ही ये-जा थांबली की दोनपैकी एक गोष्ट होते. पाणी आत आलं नाही तर तळं सुकतं. बाहेर गेलं नाही तर साचून हिरवं होतं. २०२४ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी येण्याच्या वाटा अडल्या, तळं आटलं आणि पक्षी सैरभैर झाले. त्या एप्रिलमध्ये इथल्या परिसरात दहाहून जास्त रोहित दगावले. नागरिक रस्त्यावर उतरले, मानवी साखळ्या करून उभे राहिले, अर्ज-विनंत्या झाल्या. अखेर २०२५ मध्ये राज्य सरकारनं या तळ्याला संवर्धन राखीव म्हणून संरक्षण देण्याचा निर्णय घेतला. नवी मुंबईनं स्वतःला फ्लेमिंगोंचं शहर म्हणवून घेतलं, चौकाचौकांत त्यांची शिल्पं उभारली. त्या अभिमानाला जागणारी माणसं या शहरात आहेत, हे या तळ्यानं सिद्ध केलं.

तळ्यांवरून पक्षी उठले की काय होऊ शकतं हे तळं आटलं त्याच वर्षी दिसलं. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर दुबईहून येणारं विमान रोहितांच्या थव्याला धडकलं. वस्तीत पक्ष्यांचे तुकडे पडले. मेलेले ३९ मोजले गेले. विमान सुखरूप उतरलं. थवा त्या रात्री त्या वाटेनं का गेला, यावर जाणकारांनी वेगवेगळी कारणं मांडली. माझ्या मनात एवढंच येतं की टेकायच्या जागा कमी झाल्या की आकाशात घालवायचा वेळ वाढतो. आणि आता उलव्याजवळ दुसरा विमानतळ उभा राहिला आहे. पक्ष्यांना त्यांच्या ठरलेल्या तळ्यांवर निवांत बसू देणं हे विमानातल्या माणसांच्याही भल्याचं आहे.

शिवडीचं उदाहरण समोर आहे. जिथं रोहित पहिल्यांदा आले तिथूनच २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू निघतो. जानेवारी २०२४ मध्ये तो खुला झाला. पूल बांधताना आवाज अडवायला भिंती लावल्या, काळजी घेतली गेली. तरीही बांधकामाच्या वर्षांत पक्ष्यांचा ओढा खाडीच्या आत, नवी मुंबईकडं वळला. एका चिखलावरून उठलेला पक्षी दुसरा चिखल शोधतो. तिसरा, चौथा शोधायची वेळ आली तर तो कुठून आणणार? कांजूर-भांडुप-मुलुंडची सुमारे २५६ एकर मिठागरं २०२४ मध्ये धारावीच्या पुनर्वसनातल्या घरांसाठी देण्याचा निर्णय झाला. धारावीतल्या माणसाला नीट घर मिळालं पाहिजे. घणसोलीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत बसून मी याविरुद्ध एक शब्द लिहिणार नाही. पण ते घर भरतीच्या पाण्याच्या जागेवर बांधायचं की नाही हा प्रश्न त्या घरात राहणाऱ्याचाही आहे. पावसाळ्यातल्या उधाणाला साडेचार मीटरहून उंच चढणारं पाणी आपली जागा विसरत नाही.

आमच्याकडचा गाळ

परतीच्या प्रवासात मनात सारखी आमची पूर्णा येत होती. जवळा बाजारच्या शिवारातली हळद, ऊस, केळी पूर्णेच्या कालव्यावर उभी आहे. वर येलदरी, खाली सिद्धेश्वर अशी दोन धरणं. ती बांधली गेली शेतीसाठी आणि विजेसाठी, पक्ष्यांचा विचार तेव्हा कुणी केला नव्हता. पण धरणाच्या फुगवट्याला दरवर्षी एक संथ ओहोटी लागते. दिवाळीनंतर पाणी उतरायला लागतं आणि उन्हाळ्यापर्यंत काठानं गाळाची रुंद पट्टी उघडी पडत जाते. त्या ओलीवर गाळपेर होते: हरभरा, गहू, कुठं टरबूज. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यातल्या अनेकांना या गाळपेरीचाच आधार असतो.

त्याच पट्टीवर हिवाळ्यात पट्टकादंब उतरतात, हिमालय ओलांडून आलेले. चक्रवाक जोडीजोडीनं बसतात. थापट्या बदकं उथळ पाणी गाळतात. रोहितासारखीच त्यांच्याही चोचीत चाळण असते. चिखल्या आमच्याकडंही धावतो. जायकवाडीच्या नाथसागरावर तर रोहितही येतात. ठाण्याच्या खाडीत जे सहा तासांत घडतं ते आमच्याकडं सहा महिन्यांत घडतं. धड पाणी नाही, धड जमीन नाही, अशी जागा, आणि तिच्यावर माणसाचा आणि पाखराचा दोघांचाही हक्क.

कायद्याच्या नजरेनं मात्र ही जागा अवघड आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ संवर्धन नियमांत पाणथळ जागेची जी व्याख्या आहे, तिच्यातून काही गोष्टी वगळल्या आहेत. नदीचं पात्र, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव, मीठ पिकवण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेल्या रचना. म्हणजे भांडुपचं मिठागरही बाहेर आणि आमचं सिद्धेश्वरही बाहेर. दोन्हीकडं पक्षी असतात, दोन्हीकडं त्यांचं बसणं कुठल्या कागदावर नाही. मार्ग नाही असं नाही. नांदूर मधमेश्वर हा गोदावरीवरचा बंधाराच. जायकवाडीचा नाथसागर धरणच. दोन्ही १९८६ मध्ये वन्यजीव कायद्याखाली अभयारण्यं झाली. पण सगळ्याच तलावांचं अभयारण्य करावं असं मी म्हणणार नाही. गाळपेर करणाऱ्याच्या पोटावर पाय देऊन पट्टकादंब वाचवता येणार नाही. कोणत्या महिन्यात कोणत्या काठावर पक्षी बसतात हे माहीत असलं, तर तिथला मुरूम-गाळ उपसायला कोणते महिने टाळायचे, मासेमारीचं जाळं कुठं नको, फवारणी कधी नको, एवढं तरी गावात बसून ठरवता येतं. त्यासाठी आधी मोजणी हवी.

मोजणीची एक चालू पद्धत आहे. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते आणि ती बहुतांशी हौशी माणसंच करतात: शिक्षक, विद्यार्थी, दुकानदार. दुर्बीण, वही आणि ओळख असली की झालं. आमच्या गावातल्या एका गुरुजींकडं दुर्बीण आहे. नववी-दहावीची चार पोरं तयार झाली आहेत. त्यातल्या दोघांच्या आज्यांना पाखरांची अशी नावं येतात जी माझ्याकडच्या कुठल्याच पुस्तकात नाहीत, ती वहीत पहिल्या रकान्यात लिहायची ठरली आहेत. येत्या जानेवारीत सिद्धेश्वरच्या फुगवट्यावर पहिली मोजणी करू. पण जानेवारीवर थांबायचं नाही. पाणी उतरून गाळ पुरता उघडा पडला की एप्रिलमध्ये त्याच काठावर पुन्हा मोजायचं, आणि शेजारी गाळपेर कुणाची, काय पेरलंय हेही त्याच पानावर नोंदवायचं. मावसभावाला सांगितलं तर तो म्हणाला, एप्रिलच्या मोजणीला सुट्टी काढून येतो.